बारकी वायर

सोजरबाईनं पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. नागसेननं हात पुढं केला होता, तो तिनं बघून न बघितल्यासारखा केला. पायरी उंच होती. शाळेतल्या पोरांनी उड्या मारत चढावं म्हणून केलेली. तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला खांद्यावरच्या पिशवीतला छोटा सिलिंडर. दाराची दांडी धरून ती थांबली, दम जमवला आणि दुसरा पाय वर ओढून घेतला.

“आई, हात धरला असतास तर काय बिघडलं असतं?”

“तू शिरूरला असतोस. पायरी रोज हितं असणार हाय.”

नागसेन तिचा एकुलता मुलगा. रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, बायको प्राची आणि मुलांसह शिरूरला राहत होता आणि आज रजा टाकून दौंडला आला होता तो या गाडीचा एकदाचा निकाल लावायला. आत ड्रायव्हरच्या सीटमागं त्याचा बाप बन्सी गुडघ्यांवर बसून इन्व्हर्टरचे नट आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

गाडी म्हणजे एका शाळेनं काढून टाकलेली जुनी मिनीबस. बाहेरून अजून पिवळीजर्द. आतल्या सीटा मात्र बन्सीनं उपटून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक बर्थ केला होता, हुबेहूब रेल्वेच्या डब्यातला, हिरव्या रेक्झिनचा. एका कोपऱ्यात शेगडी, पाण्याची टाकी, छताला पंखा. मागच्या दाराशी दोन मोठ्या बॅटऱ्या. मधोमध, बर्थच्या उशाशी, सोजरबाईचं ऑक्सिजनचं मशीन. घरातल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं हे मशीन विजेवर चालतं, म्हणून गेलं वर्षभर ती भिंतीतल्या प्लगपासून नळी पोचेल तेवढ्याच जगात राहत होती. खाट, मोरी, उंबरा. उंबऱ्याच्या पुढं नळी पुरत नव्हती.

तरुणपणी ती लोको शेडच्या मागं इंजिनांची राख चाळून कोळसा वेचायची. राखेबरोबर काय काय आत गेलं ते तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आता डॉक्टरांनी सांगून काही उपयोग नव्हता. छोट्या सिलिंडरवर थोडं हिंडता येई, दवाखान्यात जाऊन येता येई. पण रात्रभर झोपायचं तर मशीनच लागे.

हे तिनं तोंड मिटून सोसलं असतं. आजाराला ती भ्यायली नव्हती. तिला वैताग आणला होता तो भेटायला येणाऱ्यांनी. बिस्किटांचे पुडे आणि केळी घेऊन माणसं यायची, खाटेशेजारच्या खुर्चीवर बसायची आणि आवाज खाली आणून बन्सीला विचारायची, “खात्यात का काई?” जणू ती तिथं नव्हतीच. न्हावऱ्याहून नणंद सुरेखा आली ती चक्क साडी घेऊन. “आत्ताच नेस वैनी, परत कवा...” असं म्हणून तिनं जीभ चावली, मग रडली आणि रडून झाल्यावर चहा पिऊन गेली. ती गेल्यावर सोजरबाई बराच वेळ साडीकडं बघत बसली होती.

“अवं,” ती बन्सीला म्हणाली होती, “माणूस आपल्याकडं भेटाया आलं की आपून त्याच्याकडं जावं लागतं का न्हाई?”

“लागतं की.”

“मग मला जायचंय. समद्यांकडं. सुरेखाकडं पयलं. तिच्या दारात गाडी लावून, तीच साडी नेसून. मी काय मेले न्हाई अजून रीत मोडायला.”

बन्सी तेव्हा हसला होता. पुढच्याच महिन्यात ही मिनीबस दारात उभी राहिली. जवळजवळ आख्खी नोकरी त्यानं दौंडच्या यार्डात डब्यांचे दिवे, पंखे आणि बॅटऱ्या सांभाळण्यात घालवली होती, त्यामुळं गाडी सजवायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. गल्लीतले लोक येता-जाता डोकावून जायचे आणि म्हातारा-म्हातारीला चळ लागला म्हणून हसायचे. सोजरबाई उंबऱ्यावर बसून त्यांना हसू द्यायची.

नागसेनला मात्र हसू येत नव्हतं. शेवटी त्यानं एक अट घातली. दारातच गाडी उभी करून मशीन बॅटरीवर दुपारभर चालवून दाखवा. चाललं तर मी अक्षर बोलणार नाही. नाही चाललं तर गाडी विकायची. सोजरबाईनं एका दमात “चालंल” म्हटलं होतं. आजची दुपार त्या अटीची होती.

ती बर्थवर बसली. बन्सीनं तिची नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली.

“करू चालू?” त्यानं विचारलं. विचारताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, मशीनकडं बघितलं.

“मुहूर्त काढू का आता?”

बन्सीनं बटण दाबलं. मशीन कण्हलं, थरथरलं आणि सुरू झालं. नाकात ओळखीचा गार झोत आला. सोजरबाईनं खिडकीतून बाहेर बघितलं. तीच गल्ली, तेच पाण्याचे ड्रम, तेच वाळत घातलेले कपडे. पण खिडकीतून आणि उंचावरून. तिला एवढं बरं वाटलं की हसूच फुटलं.

“पंखा लाव की,” ती म्हणाली. “साहेबाला गरम व्हतंय.”

नागसेनही हसला. बन्सीनं पंखा लावला. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. पंखा मंदावला. मशीननं एक लांब सूर काढला, त्यावरचा लाल दिवा लागला आणि ते गप्प झालं. नाकातला झोत थांबला.

नागसेननं झटक्यात नळी उपसून सिलिंडरला लावली. मग तो खाली बसला आणि बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत आलेल्या वायरीला त्यानं हात लावला, तो तसाच मागं घेतला.

“आप्पा, भाजतीय ही!”

नागसेननं बॅटरीच्या मीटरकडं बोट केलं.

“बॅटरी फुल दाखवतीय. बारा व्होल्ट आहेत तिथं. आणि इन्व्हर्टरवरचा आकडा मी बघत होतो, बंद पडताना जेमतेम दहा. दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले हिनं.” त्यानं वायरीकडं बोट दाखवलं, पेन्सिलीपेक्षा बारीक होती. “ही कुठली टाकली? डब्यातली?”

“तसलीच.”

“डब्यात एकशे दहा व्होल्ट असायचे. इथं बारा आहेत. व्होल्ट कमी तेवढा करंट जास्त, आणि करंट जास्त तर वायर जाड पाहिजे. तेच पंखे, तेच मशीन, पण नऊपट करंट जाणार हिच्यातून. नऊपट! अशानं गाडी पेटली असती, आप्पा. आणि आई आत झोपली असती.”

नागसेनचा आवाज चढत गेला होता. शेजारच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. बन्सी इन्व्हर्टरसमोर तसाच बसून होता. त्यानं हातातला पाना पुसला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाला,

“माझं चुकलं.”

सोजरबाईनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

बन्सीच्या तोंडून हे शब्द तिनं लग्न झाल्यापासून ऐकले नव्हते. पंख्याच्या जोडणीवरून एकदा साहेबाशी वाद झाला तेव्हा त्यानं मनमाडला बदली घेतली होती, पण शब्द मागं घेतला नव्हता. भाजीत त्यानंच दोनदा मीठ घातलं तर मीठच जादा खारट निघालं म्हणणारा हा माणूस. तो पोटच्या पोरापुढं, शेजाऱ्यांच्या देखत, मान खाली घालून चूक कबूल करत होता आणि वर त्याचा चेहरा कसा, तर ओझं उतरवल्यासारखा.

“जाऊ द्या आता,” नागसेन नरमून म्हणाला. “सवयीनं झालं. पण विषय संपला, आई. ठरल्याप्रमाणं. शिरूरचा एक जण आहे, त्याला नाश्त्याची गाडी करायचीय. परवा येईल बघायला.”

“येऊ दे,” सोजरबाई म्हणाली. “चा करून दीन. गाडी माझ्या नावावर हाय. सही माझी लागंल.”

“आई, तू शब्द दिला होतास.”

“मशीन न्हाई चाललं तर विकायची म्हणलं व्हतं. मशीनला काय झालंय? वायर न्हाई चालली.”

नागसेन बापाकडं वळला. बापानं काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. बन्सी पायरीवरून उतरून मोरीकडं हात धुवायला निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी तिच्या गोळ्या आणायला रेल्वेच्या दवाखान्यात गेला. तिथली रांग म्हणजे दुपारची निश्चिंती. तो कोपऱ्यावरून वळला तशी सोजरबाई उठली. मशीनची जुनी झालेली एक नळी कपाटात होती, ती घेतली. छोटा सिलिंडर खांद्याला लावला, पुन्हा ती पायरी चढली आणि नळीचं एक टोक बॅटरीपाशी धरून दुसरं इन्व्हर्टरपर्यंत नेलं. वायर ज्या वळणानं गेली होती त्याच वळणानं, बर्थच्या खालून. वाकताना डोळ्यांपुढं अंधारी आली. ती बर्थला टेकून बसली, थोड्या वेळानं पुन्हा वाकली. जिथं अंतर संपलं तिथं तिनं नळीला गाठ मारली. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षाला हात केला.

कित्येक महिन्यांत ती एकटी घराबाहेर पडली नव्हती. रिक्षावाल्यानं नाकातली नळी बघून न विचारताच दवाखान्याकडं हँडल वळवलं.

“बाबा, बाजारात चल,” ती म्हणाली. “ज्योतिबाच्या दुकानात. मोटरी भरतो तो.”

ज्योतिबाचं दुकान म्हणजे दोन शटरांच्या मधली बोळकांडी. पाण्यातल्या मोटरी उघड्या पडलेल्या, तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा वास. बन्सी नोकरीत होता तेव्हापासूनची ओळख. सोजरबाई रिक्षातून उतरताना बघून ज्योतिबा हातातलं काम टाकून धावत आला आणि तिला स्टुलावर बसवून त्यानं पंखा तिच्याकडं वळवला.

“मावशी, तुम्ही कशाला आल्या? काकांनी फोन केला असता तर मी आलो असतो की घरी.”

“काका दवाखान्यात गेल्यात. मला वायर पायजे.” तिनं दम घेतला. “गरम न व्हणारी. दोन बॅटऱ्या, त्येंचा इन्व्हर्टर, त्याच्यावर माझं मशीन. हितनं तितपर्यंत एवढी लांब.” आणि तिनं पिशवीतून गाठ मारलेली नळी काढून काउंटरवर ठेवली.

ज्योतिबानं नळी हातात घेतली. गाठीपर्यंत ताणून बघितली.

“आन् परत येणारी?”

“कोण परत येणारी?”

“करंट एका वायरीनं जातो आन् दुसरीनं परत येतो, मावशी. लांबी दोन्हीची धरायची असती. लोकं जाणारी तेवढी मोजत्यात आन् मग...” बोलता बोलता तो थांबला. नळी त्यानं खाली ठेवली. “पर मावशी, ही वायर तर काकांची कवाच करून झालेली हाय.”

“झाली ती बारकी. पेटली असती काल.”

“बारकी?”

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग काउंटरखाली वाकून, दोन मोटरी बाजूला सारून त्यानं एक जड वेटोळं ओढून काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. अंगठ्याएवढी जाड वायर होती. एक लाल, एक काळी. दोन्ही बाजूंना तांब्याच्या कड्या घट्ट दाबून बसवलेल्या.

“ही बघा. गाडीचं काम निघालं तवाच काका आल्ते. मी म्हणलं पस्तीस स्क्वेअर एमएमची वायर बक्कळ झाली. तर म्हणले, न्हाई, पन्नासची दे. माझ्या बायकोचा श्वास जायचाय ह्यातनं, एक नंबर वरचीच दे. कड्या हितंच माझ्या प्रेसवर दाबल्या. मला हात लावू दिला न्हाई.”

सोजरबाईनं तांब्याच्या कडीवरून बोट फिरवलं.

“मग दुसऱ्या दिवशी आले आन् म्हणले, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच, न्हील नंतर. आन् बारकी तोडून घिऊन गेले. मला वाटलं, लायटीला लागत असंल.”

तिनं वेटोळं मांडीवर ओढलं. कडीच्या मागं वायरीवर सुती पट्टी गुंडाळलेली होती, तिरकी, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढलेला आणि शेवटी पट्टीचं टोक आतल्या आत ओढून गायब केलेलं. रेल्वेच्या डब्यांमध्ये अशी पट्टी गुंडाळायची पद्धत होती. घरातल्या इस्त्रीची वायर, छत्रीची मूठ, तिच्या भाकरीच्या सराट्याचा दांडा, सगळ्यांना बन्सीनं हीच पट्टी मारलेली होती. दुसऱ्या कुणाचा हात तसा वळत नव्हता. तिनं गाठीची नळी वायरीशेजारी धरली. लांबी तंतोतंत जुळली.

तिला राग आला. असा आला की दम लागला आणि ज्योतिबा पाण्याचा पेला घेऊन घाबरा उभा राहिला. घरात सगळे एका बाजूला आणि बन्सी आपल्या बाजूला, या एका भरवशावर ती वर्षभर खाटेवरून भांडत होती. पोराशी, डॉक्टरशी, रडत येणाऱ्या नणंदेशी. आणि हा माणूस रोज गाडीत ठोकाठोक करत होता, बर्थला रेक्झिन लावत होता, आणि काउंटरखाली खरी वायर लपवून आला होता. नागसेननं निदान तोंडावर तरी नाही म्हटलं होतं.

“मावशी, काय झालं? माझं काई चुकलं का?”

“तुझं न्हाई चुकलं,” ती म्हणाली. “रिक्षात ठिव हे.”

बन्सी परतला तेव्हा ती मशीनची नळी लावून खाटेवर बसली होती आणि वेटोळं तिच्या शेजारी उशीवर होतं. बन्सीनं आधी गोळ्यांची पिशवी खुंटीला लावली. टोपी काढली. मग त्याला वायर दिसली आणि टोपी हातातच राहिली.

“कुठनं आणली?”

“तुम्ही ठिवली व्हती तिथनं.”

“एकटी गेल्तीस?”

“व्हय. एकटी. मेले न्हाई.”

बन्सी उंबऱ्यावर बसला, तिच्याकडं पाठ करून. समोर पिवळी गाडी उभी होती. बराच वेळ तो टोपीची घडी घालत राहिला.

“दारातच बंद पडल्यालं बरं,” तो शेवटी म्हणाला. “वाटंत पडलं असतं तर?”

“ही जाड वायर टाकल्यावर कशाला पडंल?”

“मशीन न्हाई पडत बंद. मशीनचं मी बघतो.” त्यानं न वळता, खांद्यावरून अंगठ्यानं मागं तिच्या दिशेनं दाखवलं. “तुझ्या छातीला कुठल्या नंबरची वायर टाकू, सांग की.”

“म्हणून बारकी टाकली.”

“व्हय.”

“आन् पोरापुढं खाली मान घालून आयकून घेतलं. तुम्ही.”

“व्हय.”

“मला तोंडानं सांगायचं व्हतं. नगो जाऊस म्हणायचं व्हतं.”

“तू आयकलं असतं?”

“न्हाई.”

“मग?”

सोजरबाईला भांडण पुढं न्यायचं होतं, तोंडाशी शब्दही होते; पण दम पुरेना. बन्सीनं आता तोंड तिच्याकडं वळवलं. डोळे लाल होते. रांगेत उभं राहून व्हावेत त्यापेक्षा जास्त लाल.

“हितं दवाखाना हाय,” तो म्हणाला. “शेजार हाय. रातीत कवा बी उठून बघता येतं. हितं मी हाय, सोजर.”

“आन् तिथं? गाडी कोण चालवणार हाय?”

बन्सीनं टोपी गुडघ्यावर ठेवली.

“मला मरायची घाई न्हाई,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द ती पुढ्यात ठेवल्यासारखा बोलली. “पर त्या खुर्चीत बसल्याली तोंडं बघत मरायचं न्हाई म्हंजी न्हाई. लोकं मला बघाया येत्यात ते बास झालं. मला बी लोकांस्नी बघायचंय. तुमास्नी भ्या वाटतं तर वाटू द्या. मला बी वाटतं. गाडीत बसून वाटंल.”

तिनं वेटोळं दोन्ही हातांनी उचललं. जड होतं, पुढं ढकलण्यापुरतंच उचललं गेलं. ते फरशीवर पडलं आणि घरंगळत उंबऱ्यापाशी, बन्सीच्या पायाशी जाऊन थांबलं.

जेवणं झाल्यावर बन्सीनं बारकी वायर उपसून काढली. सोजरबाई बर्थवर बसून प्रत्येक नटाकडं बोट दाखवत होती. “हा हलतोय का बघा,” ती म्हणायची. “हलत न्हाई,” तो म्हणायचा, आणि तरीही पाना लावून पुन्हा आवळायचा. बॅटरीलगत त्यानं एक जाडजूड फ्यूज बसवला. त्यानं तो आधीच आणून ठेवलेला होता, खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात. कधी आणला हे तिनं विचारलं नाही. मशीन लावलं. पंखा लावला. दुपार गेली, गल्लीतले नळ येऊन गेले, पोरं शाळेतून परतली, मशीन चालूच होतं. सोजरबाईला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि बन्सी खाली फरशीवर बसून तिच्याकडं बघत होता.

नागसेनचा फोन आला तो तिनंच घेतला.

“आई, तो माणूस उद्या सकाळी अकरापर्यंत येतोय.”

“आम्ही नसू.”

“म्हणजे? कुठं जाणार?”

“सुरेखाकडं. चौफुल्यावरनं न्हावऱ्याला. मुक्काम करू एखादा, मग तुझ्याकडं शिरूरला. प्राचीला सांग, सैपाकाची गडबड नको करू, माझी शेगडी हाय.”

“आई! आणि वायर? आप्पांना दे फोन.”

तिनं फोन बन्सीपुढं धरला. बन्सीनं तो घेतला, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो बॅटऱ्यांकडं बघत होता.

“पन्नासची टाकलीय,” तो म्हणाला. “दुपारधरनं चालू हाय. गार हाय.” मग थोडं थांबून, नेहमीच्या ठसक्यात, “मला शिकवू नगो. बॅटऱ्यांत जन्म गेलाय माझा.”

सोजरबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं. हसू दिसू नये म्हणून.

सकाळी ऊन कोवळं असतानाच त्यांनी सामान चढवलं. भरलेले दोन छोटे सिलिंडर बन्सीनं ड्रायव्हरच्या सीटमागं पट्ट्यानं बांधले, त्याला तिनं हरकत घेतली नाही. पायरी चढताना त्यानं हात पुढं केला, तो मात्र तिनं धरला. बर्थवर बसून तिनं नळी कानांमागून घेतली. बन्सीनं मशीन सुरू केलं, हिरवा दिवा लागला. शेजारची दोन-तीन माणसं दारात येऊन उभी होती. आज कुणी हसत नव्हतं.

मग बन्सी खाली बसला आणि बर्थखाली हात घालून त्यानं वायरीवर तळवा ठेवला.

“गरम हाय का?”

“न्हाई.”

“मग?”

मशीन एका लयीत चाललं होतं. त्याचा हात वायरीवर तसाच होता, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. सोजरबाईला वरून त्याचं टक्कल दिसत होतं, मानेवरच्या सुरकुत्या दिसत होत्या. कालपासूनचा राग तिनं जपून ठेवला होता, कारण तो गेला की रडू येणार हे तिला ठाऊक होतं. आता तो शोधूनही सापडेना. तिनं त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं.

“अवं,” ती मग म्हणाली, “हात काढा आता. त्याच हातानं गाडी चालवायची हाय.”

बन्सीनं हात काढला. हाताला काही लागलं नव्हतं, तरी तो त्यानं विजारीला पुसला. मग तो उठला, पुढं जाऊन सीटवर बसला आणि त्यानं चावी फिरवली.